दोन डोळ्यांच्या मध्ये

"तुझं ना, लक्षच नसतं." हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. शाळेत बाई म्हणायच्या, लग्नानंतर सासूबाई म्हणायला लागल्या, आणि नवऱ्याचं तर ते उठल्यावरचं पहिलं आणि झोपतानाचं शेवटचं वाक्य. मी कधी मनावर घेतलं नाही. पण ज्या दिवशी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मालकानेही तेच म्हटलं आणि माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. ते अजून पुरतं जाग्यावर आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एक कबूल करते. मी धांदरट आहे. दूध गॅसवर ठेवून दळण आणायला गेलेली मीच. रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला जाताना निडी गेलं, नागोठणं गेलं, कासूला शेतात बगळे उतरलेले बघत बसले आणि पेण मागे टाकून पुढच्या स्टेशनावर उतरले, तीही मीच. एक काम हातात घेतलं की दुसरं दिसतं, दुसऱ्याकडे वळले की तिसरं हाक मारतं. घर झाडायला घेतलं तर कपाट आवरून होतं आणि केर तिथेच. असं माझं डोकं, काय करू? बदलून तर मिळत नाही.

पण एका ठिकाणी हे डोकं गप्प बसायचं. मूर्तीच्या डोळ्यांसमोर.

आमच्या कारखान्यात बायका पुष्कळ. कोणी मूर्ती घासते, कोणी अंगाला रंग लावते, कोणी पितांबर, कोणी दागिने. डोळ्यांचं काम सगळ्यात शेवटी. त्याला आखणी म्हणतात. बारीक ब्रशाने पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. मूर्ती कितीही सुंदर असो, आखणी चुकली की सगळं मातीमोल. हे काम तिथे पुरुषच करायचे, त्यांचं वेगळं टेबल होतं, खिडकीपाशी, उजेडात. मी पाट रंगवायला लागले होते. पाट म्हणजे मूर्तीखालची बैठक, तिथे हात जरा इकडेतिकडे झाला तरी कोणी बघत नाही. एकदा मालकाने मला सहज एका टाकाऊ मूर्तीवर रेघ ओढताना पाहिलं आणि म्हणाला, "गो, बस जरा इथं. आणखी एक काढून दाव." तेव्हापासून कित्येक हंगाम मी आखणीला बसले. एकटी बाई, त्या टेबलावर. माहेरी, सासरी कोणालाही सांगताना माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

आखणीचा एक नियम आहे, तो मालकाच्या बापापासून चालत आलेला. एक डोळा झाला की उठायचं नाही. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मान वळवायची नाही. दुसरा डोळा पुरा करायचा आणि मगच श्वास सोडायचा. कारण हात एकदा उठला की परत त्याच जागी बसत नाही. पहिला डोळा शांत हाताने काढलेला असतो, दुसरा भलत्याच हाताने निघतो. जवळून दिसत नाही, पण चार पावलं मागे गेलं की देव तिरळा.

वैशाखातली गोष्ट. पनवेलकडच्या एका घरची मूर्ती होती, दरवर्षी आमच्याकडूनच नेणारे लोक. डावा डोळा मी काढला. असा उतरला होता म्हणून सांगू! आणि कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. नवऱ्याचा. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, सेकंड शिफ्ट असली की सकाळी घरी असतो. मी उचलला नाही. परत आला. परत उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र राहवेना. सासूबाई पडल्या की काय? कंपनीत काही झालं की काय? उचलला.

"अगो, माझा कंपनीचा पास कुठं हाय?"

"खुंटीला," मी म्हटलं.

"कंच्या खुंटीला?"

घरात एकच खुंटी आहे हो. लग्न झाल्यापासून एकच. तिच्यावर तो रोज स्वतःच्या हाताने पास अडकवतो.

फोन ठेवतेय तोवर मुलीचा आला. ती लग्न होऊन कोलाडला असते. "आई, वाल सोलून झाले, बिरड्याला आधी कांदा परतू की आधी वाल टाकू?" तिलाही सांगितलं. आणि मग ब्रश रंगात बुडवून उजवा डोळा काढला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ती माणसं मूर्ती बघायला आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आजी मागे सरून उभ्या राहिल्या, डोकं वाकडं करून बघितलं आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडं कुठं बघतोय? हा तर दाराकडं बघतोय." मालकाचा चेहरा असा उतरला की माझ्याच्याने बघवेना. त्याने स्वतः पांढरा रंग फिरवून दोन्ही डोळे नव्याने काढले. मूर्ती दुरुस्त झाली, माणसं खूश होऊन गेली. माझी जागा मात्र गेली.

"गो, तुजं चित्त नाय थाऱ्यावर," मालक म्हणाला. "गटारीपर्यंत पाट रंगव. मग बघू. नायतर दुसरा माणूस बसवायला लागंल मला."

पाट! कित्येक हंगाम डोळे काढून मी परत पाट रंगवायला बसले. आणि समोर खिडकीपाशी माझ्या स्टुलावर रंगाचे डबे ठेवलेले. चीड आली, रडूही आलं. घरी येऊन सांगितलं, तर नवऱ्याने काय म्हणावं? "मंग फोन कशाला उचललास?"

जळजळ झाली माझी! तीनदा फोन करणारा हाच, नाही उचलला तर दोन दिवस तोंड फुगवून बसणाराही हाच, आणि वर विचारतो कशाला उचललास.

मग सगळ्यांनी माझं डोकं सुधारायचं मनावर घेतलं. सासूबाईंनी भिजवलेले बदाम सुरू केले. ते मी भिजवायचे, मी सोलायचे, आणि विसरले की "बघ, बदाम खायचंबी लक्षात नाय हिच्या." नवऱ्याने कुठून ब्राह्मीच्या गोळ्या आणल्या. शेजारणीने सांगितलं की रोह्यात एका हॉलमध्ये मन एकाग्र करायचं शिबिर आहे, फुकट आहे, जा. गेले.

व्यासपीठावर एक कडक इस्त्रीतले गृहस्थ होते. आवाज असा गोड, की ऐकूनच झोप यावी. ते म्हणाले, "भगिनींनो, उद्यापासून पहाटे पाचला उठा आणि तो एक तास फक्त स्वतःला द्या."

मी साडेचारला उठते. नळाला पाणी येतं म्हणून उठते. पाचला भाकऱ्या चालू असतात. सहाला सासूबाईंचं अंघोळीचं पाणी, मग डबा, मग धावत स्टेशन. तो एक तास कोणाकडून घेऊन कोणाला देऊ, महाराज? पुढे म्हणाले, "काम करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा." ठेवते. वाजला की दुसऱ्या खोलीत जाऊन उचलणार कोण? मीच. पुढे म्हणाले, "घरातल्यांना प्रेमाने सांगा की मला शांतता हवी आहे." त्यावर हॉलमधल्या सगळ्या बायका इतक्या हसल्या की गृहस्थांना वाटलं आपण विनोद केला. तेही हसले. आम्हाला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले, तर मला भात टाकायचा राहिल्याचं आठवलं.

पण अगदीच खोटं बोलणार नाही. त्यांचं एक वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. ते म्हणाले, मन म्हणजे सवय आहे, आणि सवय जिथे मोडते तिथेच लावायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर, शेतातले बगळे न बघता, मी विचार केला. माझी सवय मोडते कुठे? कारखान्यात मोडत नव्हती. मोडत होती घरी. दिवसभर, वर्षानुवर्षं, मी काहीही करत असले तरी हाक आली की हातातलं टाकून उठायचं, हीच मला लागलेली सवय. मीठ कुठं हाय? उठ. टॉवेल? उठ. कोण आलंय बघ गो. उठ. असं उठूनउठून माझ्या हातालाच माहीत झालं होतं की कुठलंच काम पुरं होणार नाही. आणि मग अशी बाई कारखान्यात फोन वाजल्यावर मध्येच थांबली, तर म्हणे तिचं चित्त थाऱ्यावर नाही. अरे, थारा ठेवलाय कुठे तुम्ही?

संतापाने माझ्या अंगात बळ येतं, हा माझा स्वभाव. मी ठरवलं, आखणीचा नियम घरी आणायचा.

आधी पोटाचं बघितलं. सकाळी रिकाम्या पोटी चहावर चहा ढोसून गाडीला धावायचं आणि दुपारी डबा उघडेपर्यंत हात कापायला लागायचा, हे मला कळत होतं, पण कोण थांबतंय? आता भाकऱ्या करता करता पहिली भाकरी माझी, असं ठरवलं. गरम, वर थोडं तेल-मीठ. सासूबाईंनी बघितलं. घरातल्या बाईने सगळ्यांच्या आधी खाल्लेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोलल्या काही नाहीत, पण भांडं जरा जोरात ठेवलं.

मग सराव. कारखान्यातले साच्यातून वाकडे निघालेले चेहरे मी घरी आणले, तर सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. "देवाचं फुटकं तोंड घरात आणतीस? बाहेर ठेव आधी!" मी म्हटलं, आई, अजून देव नाही तो, प्लास्टर आहे. पण त्या ऐकतात थोड्याच. मग मी करवंट्या घेतल्या. नारळाची करवंटी बाहेरून घासून, पांढरा रंग दिला की गोलाई अगदी चेहऱ्यासारखी येते. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी आले की हातपाय धुवायचे, पडवीत स्टूल घेऊन बसायचं आणि एका करवंटीवर एकच जोडी डोळे काढायचे. जास्त नाही. आणि एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत कोणालाही ओ द्यायची नाही. आग लागली तर गोष्ट वेगळी.

पहिल्याच संध्याकाळी माझा डावा डोळा झाला आणि आतून नवरा ओरडला, "बनियन कुठं हाय गो?" मी गप्प. परत ओरडला. गप्प. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उठायला बघत होते. मी स्टूल दोन्ही पायांनी आवळून धरलं. मग तो स्वतः बाहेर आला. "ऐकू येत नाय काय?" गप्प. सासूबाई आल्या. "गो, बोल की! बोलत का नाय?" गप्प. रंग वाळत होता, बुबुळ अर्धं झालं होतं.

मग सासूबाईंचा आवाज खाली आला. नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, हिला बाहेरचं लागलं काय तरी. खाडीच्या वाटंनं आली असंल." आणि आत जाऊन मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आल्या. मी उजवी पापणी ओढतेय आणि त्या माझ्यावरून मूठ ओवाळतायत! काय काय पुटपुटतायत. मग ते सगळं निखाऱ्यावर टाकलं. मिरचीचा असा ठसका उठला की नवरा खोकत अंगणात पळाला, शेजारीण दारातून खोकली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण ब्रश करवंटीवरून उचलला नाही. पांढरा ठिपका दिला, ब्रश खाली ठेवला आणि मग जी खोकले, जी खोकले!

"बनियन दोरीवर आहे," मी म्हटलं. "तुम्हीच सकाळी वाळत घातलंत."

"उतरली," सासूबाई म्हणाल्या. "दृष्ट लागली व्हती."

बरं. उतरली म्हणा. मी वाद घातला नाही, पण दुसऱ्या दिवशी परत तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी परत. नवऱ्याने अबोला धरला, धरू दे. मुलीला सांगितलं, दुपारी डब्याच्या सुट्टीत मी फोन करेन, तोवर कांदा आधी की वाल आधी ते तुझं तू ठरव. ती चिडली. म्हणाली, "आई, तू बदललीस." मी म्हटलं, व्हय, बदलले.

दर वेळी जमायचं असं नाही हं. कधी समोरच्या झाडावर खार दिसायची आणि मी तिच्या मागे डोळ्यांनी फांदीफांदी फिरायचे. कधी हात चालायचा पण मन उद्याच्या भाजीत. मग ती करवंटी पुसून टाकायची आणि त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही. रागावून दहा काढण्यापेक्षा शांतपणे एक, हे मला हळूहळू कळलं. आणि एक चांगलं झालं. गाडीत बसल्यावर आता डोकं इतकं गडबडत नव्हतं. पेण आलं की उतरत होते.

आषाढ उतरणीला लागला तेव्हाची एक संध्याकाळ. मी पडवीत होते, आतून नवऱ्याने हाक मारली, "अगो, ऐकलंस काय?" आणि मी काही म्हणायच्या आत सासूबाईंचा आवाज आला. "गप बस रे. तिचा एक डोळा झालाय. काय पायजे ते मला सांग." माझा ब्रश तेवढ्या एका वाक्यावर हलला. ती करवंटी पुसावी लागली. पण त्याचं वाईट वाटलं नाही.

गटारीच्या आदल्या दिवशी मालकाने बोलावलं. "बस," म्हणाला. "ही काढ. नीट आली तर जागा तुजी. नायतर परवापासून दुसरा येतोय, मी बोलणी केलीय त्याच्याशी."

स्टुलावरचे डबे मी खाली ठेवले. फोन घरीच ठेवून आले होते. सगळ्या कारखान्याचं लक्ष माझ्याकडे, घासकामाच्या बायकांनी हात थांबवलेले. ही मूर्ती बिघडली की मी जन्मभर पाटावर, हे मला माहीत होतं. एक दीर्घ श्वास घेतला आणि डाव्या डोळ्याची पापणी ओढली. बुबुळ भरलं. ठिपका दिला. आला! डोळा आला. शांत, खाली बघणारा, जसा मला हवा होता तसा. ब्रश उजव्या डोळ्याकडे नेला.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं आणि मालकाने तिथूनच आवाज दिला, "गो, जरा चहा सांगून ये पाव्हण्यांना!"

मला. त्या टेबलावर तीन पुरुष बसले होते. एकाचं तर काम संपून तो तंबाखू मळत होता. पण हाक मला. आणि तेव्हा लख्ख आठवलं की ही हाक आजची नाही. इतके हंगाम मी त्या टेबलावर बसले, पाव्हण्यांचा चहा प्रत्येक वेळी मीच सांगितला होता. मधोमध उठून. आणि तरीही माझे डोळे सरळ निघाले होते. एका वैशाखातला एक डोळा सोडून.

कानशिलं तापली माझी. पण राग हातात येऊ दिला नाही. तो तसाच छातीत धरून ठेवला आणि उजवी पापणी ओढली.

"गो, ऐकू आलं काय?"

बुबुळ भरलं.

"चहा म्हटलं!"

पांढरा ठिपका दिला. ब्रश खाली ठेवला. मग उठले.

मालक आला. चार पावलं मागे गेला, डोकं वाकडं करून बघितलं, पुढे आला, परत मागे गेला. गिऱ्हाईकही बघत होतं. मालकाने हात जोडले, मूर्तीला. मग माझ्याकडे वळून हसला, अगदी मोठ्या मनाने. "बघ. आता लागलं तुजं चित्त."

"काका," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या रस्त्यावर गेला असेल, "माझं चित्त लागलेलंच होतं. एका डोळ्यावर असताना मला हाक मारलीत, आत्ता, तुम्ही. तुमच्या बापाने केलेला नियम तुम्हीच मोडलात. यांच्यातल्या एकाला तरी कधी एक डोळा झाल्यावर चहा सांगायला उठवलंत काय? मी इतकी वर्षं उठत होते. मी धांदरट आहे, मला मान्य आहे. पण उठवणारे तुम्ही सगळे होता!"

मालक पायात चप्पल सरकवून स्वतः टपरीकडे निघाला.

मी पुढची मूर्ती ओढून घेतली. जागा माझी होती. डावा डोळा झाला, आणि दारात मालक परत उभा.

"किती कप सांगू गो?"

मी उत्तर दिलं नाही. तो उभा राहिला. बराच वेळ, दारातच, उजवा डोळा पुरा होईपर्यंत.